चाळीस पावलं मागे

त्याला सगळे रिव्हर्सभाऊ म्हणत, आणि हे नाव कुणी प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. वरच्या गावाला जाणारा बारा किलोमीटरचा कच्चा रस्ता एका गाडीपुरताच होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. बांधकाम खात्याच्या नकाशात तो वनखात्याचा होता आणि वनखात्याच्या नकाशात बांधकाम खात्याचा, त्यामुळे त्याच्याकडे बघायचं कामच कुणाला उरलं नव्हतं. समोरून गाडी आली की एकानं मागे जाऊन रुंद जागेत थांबायचं. नियम साधा होता: चढणाऱ्याला वाट, उतरणारा मागे. भाऊ पिकअपमधून वर पेंडीची पोती आणि गॅसच्या टाक्या न्यायचा, म्हणजे भरल्या गाडीनं चढताना हक्क त्याचाच. तरी मागे जायचा तोच.

ही सवय जन्मजातच म्हणायची. वाटणीत धाकट्यानं पुढची खोली मागितली, यानं मागची घेतली. दवाखान्याच्या रांगेत ‘जरा घाई आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला पुढे सोडता सोडता याचा नंबर लागायचा तो डॉक्टर जेवायला गेल्यावर. त्याचं म्हणणं असं, की दोघं अडून बसले तर दोघांचा दिवस जातो. एक मागे गेला तर एकाचंच काय ते जातं.

"आणि तो एक दरवेळी तुम्हीच का?" बायको विचारायची. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न तेवढाच जुना होता.

तिचं माहेर वरच्या गावात. भाचीच्या लग्नाला हे दोघं पोचले तेव्हा मंडपवाला खुर्च्या आवरत होता, कारण वाटेत भाऊ चार वेळा मागे गेला होता. मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी येतायत हो, मागे मागे येतायत. लोक हसले, दाजीही हसले. बायकोच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

आता त्याच मेहुण्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. बरोबर बाराला, आणि फीत थोरल्या बहिणीनं कापायची. निघताना ती पर्स मांडीवर घेऊन भाऊच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आज गाडी एक चाक जरी मागे गेली ना, तर मी उतरेन. चालत माहेरी जाईन आणि परत येणार नाही." ती आवाज चढवून बोलली नव्हती, म्हणूनच त्याला घाम फुटला.

सातव्या किलोमीटरला, ऐन चढावर, समोरून तीन जीप आल्या. शहरातली हौशी मंडळी. रस्ता खराब आहे म्हणूनच ती इथे यायची. उद्या कुणी तो दुरुस्त केला असता तर बिचाऱ्यांचा हिरमोड झाला असता. मांडीइतकी उंच चाकं, टपावर दिव्यांची रांग, पहिली जीप चालवणाऱ्याच्या डोक्यावर कॅमेरा. पिकअपच्या मागे रुंद जागा चाळीस पावलांवर होती. जीपच्या मागची अर्ध्या किलोमीटरवर, दोन वळणांपलीकडे.

भाऊचा हात सवयीनं गिअरकडे गेला. बायकोनं पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला. हात परत आला.

कॅमेरावाला उतरून आला. काका, जरा मागे घेता का, तुमची जागा जवळ आहे, असं अगदी गोड बोलला. भाऊनं आयुष्यात पहिल्यांदा नियम सांगितला. सांगून झाल्यावर आपण बोललो की आणखी कुणी, अशी त्यालाच शंका आली. कॅमेरावाल्याला नियम मान्य होता. त्यांच्या क्लबच्या पुस्तिकेत तो पहिल्याच पानावर छापला होता. पण तो काही हलेना. वीस मिनिटं गेली. शेवटी त्यानं कॅमेरा बंद केला आणि हळूच म्हणाला, "काका, आम्हाला इथे रिव्हर्स जमणार नाही."

चिखलातून, ओढ्यातून, खडकांवरून पुढे कसं जायचं ते तिघांनीही रीतसर शिकून घेतलं होतं. मागे जायची वेळ येईल असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

भाऊनं आरशात ती चाळीस पावलं पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. मग उतरला, चाकांना दगड लावले आणि जीपवाल्यांकडे चाव्या मागितल्या.

सगळ्यात मागची जीप आधी. ती वर रुंद जागेत लावून तो चालत खाली आला, मधली घेऊन गेला, पुन्हा चालत आला. त्या दोन्ही बायकोला धड दिसल्या नाहीत. तिसरी मात्र अगदी तिच्या नाकासमोर.

मागची काच तंबूनं आणि डब्यांनी झाकलेली, म्हणून भाऊ दार उघडून अर्धा बाहेर झुकला होता. एकोणतीस वर्षं तीही त्याच्याबरोबर मागे गेली होती, पण तोंड पुढे करून. तिला कायम हातचा निसटणारा रस्ताच दिसला होता. आज तिला भाऊ दिसला. मान पिळलेली, जीभ दातांत धरलेली, आणि मागचं चाक दरीपासून वीतभर. कडेची खडी घरंगळत खाली गेली. जीप थांबली, बोटभर पुढे सरकली, पुन्हा मागे निघाली. कुणी सांगितलं नसताना बायकोनं पिकअपचा हँडब्रेक दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. समोरच्यांना जमत नाही म्हणून हा माणूस मागे जात होता, आणि ती समजत होती, याला पुढे जाता येत नाही.

चाळीस पावलं वाचवायला भाऊ दीड किलोमीटर मागे गेला आणि तेवढंच पायी उतरला. पिकअप मात्र तसूभरही हलली नव्हती. घामानं निथळत तो येऊन बसला. "गाडी नाही गेली मागे," तो म्हणाला. वर रुंद जागेवरून पिकअप पुढे जाताना जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा पुन्हा चालू झाला होता.

गाव दिसायला लागलं तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती, आणि शेवटच्या वळणावर समोर खतानं भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर उभा होता. चालवणारा म्हातारा नियम जाणणारा होता. चढणारी गाडी बघून तो मान वळवून मागचा अरुंद चढ बघायला लागला. ट्रॉली मागे घेणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, हे भाऊला इथूनच कळत होतं. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि नुसता समोर बघत राहिला.

शेजारचं दार उघडलं. बायको उतरली.

शब्दाची पक्की होती ती. तिची पावलं खडीवर वाजत राहिली, पण आवाज गावाकडे जाईना, मागेच जात गेला. मग मागच्या फाळक्यावर थाप पडली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "अजून येऊ द्या. मी बघतेय."