तंजावूरचे ‘हेरिश’ गोविंदराव

मद्रासहून निघालेली गाडी सकाळी तंजावूरला पोचली, तेव्हा गोविंदराव फलाटावर उभेच होते. माझी बॅग त्यांनी हमालाला दिली आणि ती कोणत्या खांद्यावर घ्यायची, तेही सांगितलं. हे गृहस्थ तंजावुरी मराठी, भात सडण्याची यंत्रं बनवणारे. सरकारने दारं उघडल्यापासून साऱ्या देशाप्रमाणे त्यांनाही परदेशी भागीदार हवा होता. दुसऱ्या दिवशी एक जर्मन साहेब येणार होते. मी पुण्यात जर्मन शिकवतो, म्हणून माहितीपत्रकाच्या भाषांतरासाठी मला बोलावलं होतं.

राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या पत्नी कमलाबाई शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी केळीच्या पानावर भात आणि वत्तकुळंबू (चिंचेची दाट आमटी) वाढलं. मी ताक मागितलं. आधी रसम, असा गोविंदरावांचा हुकूम झाला. मी रसम घेतलं.

काम एका शब्दावर अडलं. इंग्रजीत होतं, कावेरीकाठची ‘डॉमिनंट’ कंपनी. मी ‘फ्यूरेंड’ सुचवला, म्हणजे अग्रगण्य. ते म्हणाले, हल्ली पंक्चर काढणाराही अग्रगण्य असतो. मग माझा शब्दकोश ओढून त्यांनीच एका शब्दावर बोट ठेवलं : ‘हेरिश’. हा शब्द कंपनीला नव्हे, घरादारावर हुकमत गाजवणाऱ्या माणसाला लावतात, असं मी परोपरीने सांगितलं.

"तोच घाला. आम्हांस दुबळा शब्द नको," ते तमिळ हेलात म्हणाले.

मी पाहुणा होतो, शिवाय थोडा घाबरलोही होतो. घातला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेबांनी पत्रक दोनदा वाचलं आणि हे खरं आहे का, असं मला गंभीरपणे विचारलं. मी प्रश्न गोविंदरावांना सांगितला. पार पापनाशम गावापर्यंत कोणालाही विचारा, असं म्हणून ते कॉफीला उशीर का झाला, हे बघायला गेले. तेवढ्यात साहेबांनी फोरमनला सोप्या इंग्रजीत विचारलं, मालक फार हुकूम सोडतात का? फोरमनने दाराकडे पाहिलं.

"आमा, सार" (हो, साहेब).

इतकं प्रामाणिक माहितीपत्रक साहेबांनी म्हणे कुठेच वाचलं नव्हतं. दुपारी घरी कमलाबाईंशी गप्पा मारत जेवताना बोलणी जमली. अट एकच : पत्रव्यवहार कमलाबाईंनी करावा. त्यांचं अक्षर चांगलं आहे, असं म्हणत गोविंदरावांनी ती मान्य केली.

निघताना कमलाबाईंना मी म्हटलं, शब्दाचा अर्थ मी गोविंदरावांना आधीच सांगितला होता.

"ठाऊक आहे. मीही पंचवीस वर्षें सांगतेंच आहे," त्या म्हणाल्या.

पुण्यात परतल्यावर वह्या तपासताना एका मुलीने वडिलांविषयीच्या निबंधात नेमका हाच शब्द लिहिलेला दिसला. तिला ‘प्रेमळ’ म्हणायचं असावं, असं धरून मी लाल पेन उचललं. मग ते खाली ठेवलं आणि आधी तिला बोलावून घेतलं.