मागावर बसणारा पाय

“हा पाय परत घ्या मॅडम.” सुनंदाताईंनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि कुबड्या भिंतीला टेकवल्या. पिशवीत मी बनवलेला पाय होता. मला रागच आला, खोटं कशाला बोलू?

मी नाशिकला एका सेंटरमध्ये कृत्रिम पाय बनवते. सुनंदाताई येवल्याच्या, पैठणी विणणाऱ्या. मधुमेहापायी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. आमच्या कॅम्पमध्ये त्या नव्या पायाने झकास चालल्या होत्या.

“चालता येत नाही का?”

“येतं की. पण चालून जाऊ कुठं? मागावर बसलं की मागून लय रुततंय. मालक म्हणतो, दिवाळीपर्यंत थांबतो, नाय जमलं तर माग दुसरीला देतो. मला दुसरं काय येतं हो?”

मी त्यांना पाय चढवून बुटक्या स्टुलावर बसवलं. उरलेला पाय ज्या कपात बसतो, त्याला आम्ही सॉकेट म्हणतो. गुडघा वाकताच सॉकेटची मागची कड मांसात घुसत होती. कातडी लाल झाली होती. मधुमेहात तिथे जखम झाली असती तर उरलेला पायही धोक्यात आला असता. आमच्याकडे पेशंटला उभं करून, चालवून पाय तपासतात. बसवून बघायची पद्धतच नाही.

देवरे सर आमचे सेंटर हेड. त्यांना म्हटलं, “येवल्याला जाऊन माग बघायचाय.”

“अहो, आपण चालायला पाय देतो, विणायला नाही.”

“मग बॅनरवर ‘स्वावलंबन’ कशाला छापतो, सर?”

सरांनी गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, “गाडी न्या. संध्याकाळी परत पाहिजे.”

सुनंदाताईंचा माग खड्ड्यावर होता. विणणाऱ्याने काठावर बसायचं आणि खड्ड्यातल्या पावड्या पायांनी दाबायच्या. मी सरळ खड्ड्यात उतरले. सॉकेटची मागची कड घासून खाली घेतली, गुळगुळीत केली. रुतणं थांबलं. पण रबरी पावलाला पावडी कळेना, ते सारखं घसरे. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा पावडीवर ठोकला. पाऊल त्यात सरकवायचं.

“ढिला ठेवा. झटकन काढता आला पाहिजे,” ताई म्हणाल्या. तसा ठेवला.

सुरुवातीला विणताना त्या दर वेळी खाली वाकून पायाकडे बघायच्या. हळूहळू बघणं कमी झालं. मी खड्ड्यातून वर येऊन समोर उभी होते.

“मॅडम, उजेडातून सरका ना. धागा दिसंना.”

मी सरकले. इतक्या आनंदाने मी आजवर कोणाची वाट सोडलेली नाही.

दिवाळी होऊन गेली, माग सुनंदाताईंकडेच आहे. आमच्या कॅम्पमध्ये आता एक बुटकं स्टूल असतं आणि देवरे सर स्वतः प्रत्येकाला विचारतात, “कामाला कसं बसता?” मला या स्टुलाचा फार अभिमान वाटतो. पाय फक्त चालायला लागतो, असं पाय बनवणाऱ्यांनाच वाटत असतं.