घरमालकांचं इंजिन काय खातं

आगगाडीवर जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ती काय खाते याची आमच्या भोरच्या घरमालकांइतकी काळजी करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. भोरला रेल्वे नाही. गाडी बघायची तर नीरा स्टेशन गाठावं लागे. तरीही कचेरीतून पेन्शनीत निघाल्यावर या गृहस्थांनी घरच्या अंगणात हातभर लांबीचं वाफेचं इंजिन बांधायला घेतलं. त्याचा बॉयलर न्हाणीतल्या बंबाच्या तांब्याच्या नळीतून निघाला आणि त्यांच्या घरची मंडळी बरेच दिवस चुलीवरच्या हंड्यातल्या पाण्याने आंघोळ करत होती. रूळ पिंपाच्या लोखंडी पट्ट्यांचे. चाकं, दट्ट्या, शिट्टी, सगळं त्यांनी स्वतः कानशीने घासून केलं. मी तिथल्या शाळेत मास्तर आणि त्यांचा भाडेकरू असल्यामुळे प्रत्येक चाचणीला मला बोलावणं असे.

इंजिन झालं, पण अडलं ते जळणावर. पहिल्यांदा त्यांनी नीरा स्टेशनवरून पिशवीभर दगडी कोळसा मागून आणला. मोठ्या इंजिनात धडधडणारा तो कोळसा या टीचभर भट्टीत लाल व्हायचा, जरा विचार करायचा आणि विझायचा. "मास्तर, याला घोळक्यात राहायची सवय," घरमालक गंभीरपणे म्हणाले. "एकटा पडला की धीर सोडतो." मग बाभळीचा लाकडी कोळसा आला. त्याने वाफ झकास धरली, पण धुराड्यातून ठिणग्या उडाल्या आणि घरमालकीणकाकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांमधल्या निम्म्या तिथेच तळून निघाल्या. रॉकेलने अंगणाची भिंत काळी केली. कापराचा प्रयोग चालू होता त्या आठवड्यात तर वाड्याला सतत आरतीचा वास येई आणि शेजारच्या आजी प्रसादाला म्हणून दोनदा येऊन बसल्या.

प्रत्येक वेळी ते गाडीकडे कमी आणि धुराड्याकडे जास्त बघत. इंजिन तीन फेऱ्या सुरेख मारून थांबलं तरी यांची मान नकारार्थी हलायची. "धूर फार आहे." शेवटी मी म्हणालो, "काका, आगगाडीच ती. धूर व्हायचाच."

"अंगणात चालेल हो," ते म्हणाले. "अक्काच्या खोलीत नाही चालायचा."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वेल्ह्याला असायची. आई लवकर गेल्यामुळे यांना तिनेच वाढवलं होतं. दम्याने तिने अंथरूण धरलं होतं. चुलीचा धूर आला तरी तिला धाप लागे. तिने उभ्या जन्मात आगगाडी पाहिली नव्हती. एकदा सहज म्हणाली होती, "तेवढी एक बघायची ऱ्हायली." म्हणून हा सगळा खटाटोप. मी किल्लीची गाडी आणून द्या म्हटलं, तेव्हा ते माझ्याकडे दुखावल्यासारखे बघत राहिले. "मास्तर, ते खेळणं झालं. तिला आगगाडी दाखवायची तर आत आग नको?"

मग त्यांनी स्टोव्ह पेटवायच्या स्पिरिटवर मोर्चा वळवला. ना धूर, ना काजळी. पण दारूबंदीचे दिवस, आणि हे गृहस्थ दुकानातून बाटल्यांवर बाटल्या नेऊ लागलेले. पेन्शनीत माणूस बिघडला अशी गावभर कुजबूज झाली. काकूंचं सांत्वन करायलाही कुणीतरी आलं. घरमालकांचं तिकडे लक्ष नव्हतं. वात सैल असली तर ज्योत भडकते, घट्ट असली तर मरते, एवढ्या एकाच चिंतेत ते होते. सुती वातीच्या पेळूवर त्यांनी जितकी मेहनत घेतली तितकी लोक मुलीच्या लग्नावर घेत नाहीत.

वात साधली तशी आम्ही दोघं एसटीने वेल्ह्याला निघालो. इंजिन धोतरात गुंडाळून त्यांच्या मांडीवर, रूळ माझ्या पायाशी. कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्यात?"

"आगगाडीचं इंजिन."

"मंग आमच्या यष्टीनं कशाला जाता?" तो म्हणाला आणि शांतपणे तिकिटं फाडू लागला.

अक्काच्या खाटेभोवती आम्ही रूळ मांडले. तिला उशीला टेकवून बसवलं. घरमालकांनी वात पेटवली. थोड्या वेळाने वाफ धरली, आणि इंजिन फुसफुसत खाटेला फेरी घालू लागलं. अक्का टक लावून बघत होती. मग म्हणाली, "आग कुठं हाय रं?"

उजेडात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. मी खिडकी लावून घेतली. अंधारात निळी ज्योत खाटेभोवती फिरू लागली तशी तिने हात जोडले. पण दुसऱ्याच फेरीला म्हणाली, "आन् धूर?"

घरमालकांचा चेहरा बघवेना. "तुला सोसंल का धूर?" ते म्हणाले.

"बारका सोडायचा. धुराबिगर कसली आगीनगाडी?"

शेवटी त्यांनी उदबत्तीचा एक तुकडा पेटवून धुराड्यात खोचला. अक्काला खोकला आला, पण खोकता खोकता ती हसत होती. "कुठं चाललीया ही?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तिथं."

"मग सारोळ्याला ने. पोरीकडं."

लेक सारोळ्याला दिली होती आणि अक्काला तिकडे जाऊन वर्षं झाली होती. घरमालक गुडघ्यांवर बसून पुन्हा पुन्हा स्पिरिट भरत राहिले. ती डोळे मिटून पडली तरी गाडी चालू होती.

त्या हिवाळ्यात अक्का गेली. दिवसकार्याला आम्ही गेलो तेव्हा लेकीने इंजिन बघायचं म्हटलं. घरमालकांनी ते बरोबर आणलं होतं, का ते मी विचारलं नाही. रिकाम्या खाटेभोवती रूळ मांडून त्यांनी वात पेटवली. लेक खाटेच्या कडेला बसली. "मी भेटायला आले की आई सांगायची," ती म्हणाली, "'आगीनगाडीनं येऊन गेले तुझ्याकडं, तू झोपली हुतीस.'"

घरमालक गुडघ्यांवर बसून गाडीकडे बघत होते. गाडी फिरत राहिली. स्पिरिट संपलं तशी ती हळू झाली आणि खिडकीखाली थांबली. बाटली त्यांच्या हाताशीच होती, पण बराच वेळ त्यांनी ती उचलली नाही.