धुण्याच्या दोरीचं चित्र

एफी गिलख्रिस्टशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं, असं लार्च लँडिंगमध्ये म्हणत. वाद मिटेपर्यंत तिच्या खानावळीत ताट वाढलं जात नसे, आणि गावात दुसरी खानावळ नव्हती. एकदा नवीन आलेल्या पाद्रीबुवांनी चर्चमध्ये सांगितलं, की रविवारी चूल पेटवणं म्हणजे देवाच्या दिवसाचा अपमान. एफी बाकावरून उठून म्हणाली, "बरं. मग आज दुपारी तुम्ही कुठे जेवणार, बुवा?" त्या रविवारी चूल पेटली. पुढच्या रविवारीही पेटली.

खानावळ तळ्याच्या काठी, रुळांच्या पलीकडे होती. बापाने बांधलेली, स्प्रूसच्या ओंडक्यांची, दुमजली. बाप गेल्यावर एफी आणि तिची धाकटी बहीण टिब्बी यांनी ती चालवली. दोघींनीही लग्न केलं नाही. पानगळीपासून हिवाळाभर लाकूडतोडे राहायला असत, उन्हाळ्यात टोरोंटोहून मासे धरायला आलेली माणसं, आणि मेपलची पानं लाल व्हायला लागली की चित्रकार.

वॉल्टर पेनफोल्ड त्यातलाच. उंच, अबोल, सदा ओल्या बुटांचा. दर शरदात तो पाण्याजवळचं मासे खारवायचं जुनं खोपटं भाड्याने घेई आणि दिवसभर खडकावर बसून वहीएवढ्या फळ्यांवर तैलरंगात चित्रं काढी. एका बैठकीत एक. उजेड फिरायच्या आत संपलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. ओली फळी हातात धरून, रंगाची बाजू स्वतःपासून लांब ठेवून तो चालत परत येई तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा त्याला वाट देत. खोपट्यात त्याने खाचा पाडलेली एक मांडणी ठोकली होती. फळ्या तिच्यात उभ्या करून वाळवायच्या.

टिब्बी त्याला दुपारचा चहा नेऊन द्यायची आणि मागे उभी राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पेनफोल्डने मागे न बघता तिच्या हातात रंगाच्या दोन पिळून चपट्या झालेल्या नळ्या आणि एक फळी दिली. "उभी राहतेस तर काहीतरी कर," म्हणाला. शिकवणं म्हणून त्याने केलं ते एवढंच.

धुणं टिब्बीच्या वाट्याचं होतं. त्या दिवसापासून ते एफीने स्वतःच्या अंगावर घेतलं. लाकूडतोड्यांचे आतून घालायचे लाल लोकरी कपडे म्हणजे ओले झाले की मेलेल्या हरणाएवढे जड. ते उकळायचे, बडवायचे, पिळायचे. शेजारणी विचारायच्या, की धाकटी खडकावर बसते आणि थोरली राबते, हा कुठला न्याय? एफी म्हणायची, "एका घरात दोघींनी हात सोलून घ्यायची गरज नाही."

पेनफोल्डला रिकामं रान हवं असे. माणूस नको, धूर नको, होडी नको. खडकावरून तो ओरडायचा, "एफी, तेवढी दोरी काढ, सगळ्या देखाव्याची घाण करते." एफी दोरी काढत नसे. तो मग तोंड फिरवून दुसरीकडे बघत चित्र काढी. टिब्बी मात्र दोरीकडे तोंड करून बसायची. तिच्या फळ्याही त्याच मांडणीत वाळत, कारण घरात स्वयंपाकाच्या वाफेने रंग वाळत नसे.

पहिलं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझाची साथ आली. पेनफोल्ड टोरोंटोत वारला. जानेवारीत टिब्बी गेली. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे तिला चर्चमागच्या दगडी खोलीत ठेवलं, आणि बर्फ वितळल्यावर मे महिन्यात पुरलं. सगळं गाव दफनाला गेलं होतं. नेमके त्याच सकाळच्या गाडीने पेनफोल्डचे मित्र आले. खोपट्याला कुलूप नव्हतं. त्यांनी मेलेल्या मित्राचं काम म्हणून मांडणीतल्या सगळ्या फळ्या हळुवारपणे कापडात गुंडाळल्या, एफीच्या पायरीवर चहाचा एक डबा ठेवला आणि दुपारच्या गाडीने गेले. एफी दफनभूमीतून परतली तेव्हा मांडणी रिकामी होती.

तिने टोरोंटोला लिहिलं, त्यातल्या काही माझ्या बहिणीच्या आहेत. सभ्य उत्तर आलं: आम्ही वॉल्टरचा हात ओळखतो. तिने पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. टिब्बीची तीन चित्रं जिन्यात लावलेली होती, तेवढी उरली. चहाचा डबा एफीने तळ्यात फेकला.

पंधरा वर्षांनी, गावातली लाकूड कापायची गिरणी बंद पडून खानावळीत लाकूडतोड्यांच्या वेळचा ऑनरे लाशान्स हा एकच म्हातारा उतारू उरला होता, तेव्हा सप्टेंबरमध्ये क्लॅरेन्स हॅविलंड आले. हॅमिल्टनला त्यांचा लोखंडी चुलींचा कारखाना होता आणि पेनफोल्डच्या चित्रांचा त्यांच्याएवढा संग्रह दुसऱ्या कोणाकडे नव्हता. माणूस गोड होता. आल्याबरोबर स्वयंपाकघरातली चूल बघून खूश झाला.

"ही आमचीच की, मिस गिलख्रिस्ट."

"तुमचीच. दार बसत नाही तिचं. विटेचा टेकू लावावा लागतो."

ऑनरे चुलीशेजारी सूप पीत होता. तो म्हणाला, "साहेब, चुलीबरोबर वीट फुकट मिळाली असती तर बरं झालं असतं."

हॅविलंड हसले. जेवण झाल्यावर त्यांनी लोकरीचं अस्तर लावलेली एक चपटी पेटी टेबलावर ठेवली. आपल्या संग्रहातलं सर्वांत लाडकं चित्र ते बरोबर घेऊन आले होते. ते जिथे काढलं तो खडक डोळ्यांनी बघायचा होता. पुढच्या महिन्यात ते टोरोंटोच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार होतं.

"बघा," ते म्हणाले. "हिमाच्या पहिल्या रात्रीनंतरचे मेपल. बर्चच्या पांढऱ्या खोडांमधून ही लाल आग. माणसाचा मागमूस नाही. म्हणून तर हे थोर आहे."

एफीने हात पुसले आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ऑनरे," ती म्हणाली, "इकडे ये. हे काय आहे?"

ऑनरे चमचा हातात घेऊनच आला. "हे? हे माझे आतले कपडे आहेत."

"काय?" हॅविलंड म्हणाले.

"हा डावीकडचा. ढुंगणावर काळं ठिगळ आहे बघा. एफीबाईंनीच लावलं होतं. लाल लोकर संपली होती."

हॅविलंडनी चष्मा लावला. ठिगळ होतं. आजवर त्यांनी त्याला सावली समजलं होतं.

"टिब्बीने काढलंय हे," एफी म्हणाली. "माझ्या बहिणीने."

"धुणं पेनफोल्डलाही दिसत असेलच की," हॅविलंड शांतपणे म्हणाले.

"दिसायचं. त्याला नको असायचं."

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण हे बघा." त्यांनी फळी उलटी केली. मागे कोऱ्या लाकडावर काळ्या शाईचा गोल शिक्का होता: पेनफोल्डची आद्याक्षरं, खाली वल्हं. "त्याच्या मित्रांनी मुद्दाम करवून घेतलेला शिक्का. खोपट्यातून निघालेल्या प्रत्येक सही नसलेल्या फळीवर मारला. याहून मोठा पुरावा नाही."

एफीला शिक्क्याचं ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिची समजूत होती, की टिब्बीच्या फळ्या कुठेतरी पेटीत पडून असतील, कोणाच्या तरी माळ्यावर. त्यांच्यावर दुसऱ्याचं नाव ठोकून त्या भिंतींवर मिरवत असतील, हे तिच्या मनात आलं नव्हतं. ती त्यांना जिन्यात घेऊन गेली आणि तीन चित्रं दाखवली. त्यांनी ती खाली खिडकीपाशी नेली, एकेक करून टेबलावरच्या चित्राशेजारी धरली आणि परत जिन्यात आणून टांगली.

"हात एकच आहे," ते अखेर म्हणाले.

"एकच आहे. टिब्बीचा."

"म्हणजे ही तिन्हीही पेनफोल्डचीच आहेत."

ऑनरे खालून म्हणाला, "मग सूपसुद्धा पेनफोल्डनेच केलं असेल."

हॅविलंड पायरीवर बसले. आता ते जे बोलले ते मनापासून बोलले, आणि म्हणूनच ते एफीला जड गेलं.

"क्षणभर धरून चालू, की तुमचं खरं आहे. मागच्या वर्षी या चित्रापुढे एक बाई रडत उभी होती. मी स्वतः बघितलं. शेकडो लोक थांबतात. मिस टिब्बी गिलख्रिस्ट असं खाली लिहिलं तर कोण थांबणार? ते भिंतीवर लावतील तरी का? तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की ही तिन्ही त्या खोपट्यातून आली. मी त्यांना उत्तम चौकटी करीन, टोरोंटोला नेईन. लोक तुमच्या बहिणीचंच काम बघतील. नाव तेवढं वेगळं. इथे या अंधाऱ्या जिन्यात कोण बघतं हो?"

"मी बघतो," ऑनरे म्हणाला. "रोज. वर झोपायला जाताना."

एफी कठड्याला धरून उभी होती. टिब्बीच्या चित्रापुढे कोणीतरी परकी बाई रडली, हे तिच्या काळजात जाऊन बसलं होतं. ती बाई तिला बघायला आवडली असती. तिला विचारायला आवडलं असतं, की नक्की कुठल्या रंगाशी रडू आलं. एक ओळ लिहून दिली तर उद्या आणखी तीन चित्रांपुढे कोणीकोणी उभं राहील. आणि नाही दिली, तर हा जिना.

"आमच्या नदीत ओंडके सोडतात," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या टोकाला हातोड्याने मालकाची खूण मारलेली असते. चोर काय करतो, साहेब? टोक तेवढं करवतीने उडवतो आणि आपली खूण मारतो. लाकूड तेच राहतं. छान असतं. नदीच्या खालच्या गिरणीत त्याच्या फळ्या होतात, त्यांचं घर बांधतात, लोक त्यात आनंदाने राहतात."

"तुम्ही मला चोर म्हणता?"

"नाही. तुम्ही खालच्या गिरणीतले. पण आता तुम्हाला सांगितलंय."

"सांगणं म्हणजे पुरावा नव्हे."

"शिक्का तरी काय आहे? तेही कोणीतरी सांगितलेलंच. फक्त शाईने."

ती खाली आली. ऑनरेच्या कानावर सवयीने खोचलेली पेन्सिल असे, गिरणीत फळ्यांवर आकडे घालायची, जिभेवर ओली केली की जांभळी उमटणारी. एफीने ती त्याच्या कानावरून काढली, जिभेला लावली, टेबलावरचं चित्र उलटं केलं आणि हॅविलंड जिना उतरून येईपर्यंत शिक्क्यावरूनच, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: टिब्बी गिलख्रिस्टने काढलं. धुणं एफीचं.

हॅविलंडनी टेबलाशी येऊन वाचलं. "ही माझी मालमत्ता आहे."

"पुढची बाजू तुमची. तिला मी बोटही लावलेलं नाही."

"हे मी पुसून घेईन."

"ते पुसत नाही, साहेब," ऑनरे म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "लाकडात उतरतं. रंधा मारावा लागेल. मग शिक्काही जाईल."

हॅविलंडनी फळी हातात घेतली. शिक्का आणि जांभळी अक्षरं एकमेकांत गुंतली होती.

"मी तुमच्यावर फिर्याद करू शकतो," ते म्हणाले.

"करा. कोर्टात मला शपथ घालतील आणि विचारतील, की हे का लिहिलं. तिथे लिहून घ्यायला माणूस बसलेला असतो. मला फार बरं वाटेल."

मग ते जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, "मागची बाजू कोणी बघत नाही, मिस गिलख्रिस्ट. ते भिंतीकडे असतं."

"कधीतरी उतरवतील ना. धूळ झाडायला तरी."

"आणि ती तीन?"

"ती जिन्यातच राहतील. बघायला कधीही या, चहा मिळेल. आल्यावर आधी विचारायचं, टिब्बीची चित्रं कुठे आहेत. पेनफोल्डची कुठे आहेत म्हणून विचारलंत, तर दाराबाहेरूनच परत."

गाडीची वेळ होत आली होती. हॅविलंडनी चित्र पेटीत ठेवायला घेतलं आणि थांबले. अक्षरं अजून ओली होती. लोकरीला लागली असती तर सगळं अस्तर जांभळं झालं असतं, आणि तिथून रंग फिरून चित्राच्या कडेला. पेटीला वरखाली दोन्हीकडे अस्तर होतं; फळी पालथी घातली काय आणि उताणी घातली काय, पेटी बंद करायची सोय नव्हती.

"हातात धरून न्या," एफी म्हणाली. "इथे सगळे चित्रकार तसेच न्यायचे. ओली बाजू बाहेर."

ऑनरेने रिकामी पेटी आणि बॅग उचलली. एफीने शाल घेतली आणि ती साहेबांच्या बरोबरीने चालू लागली, कारण पाहुण्याला स्टेशनपर्यंत पोचवायची खानावळीची रीत होती आणि ती मोडायला तिला काही कारण दिसत नव्हतं. तिचे ओठ जांभळे झाले होते. हॅविलंड दोन्ही हातांत फळी धरून, रंगीत बाजू आपल्या कोटाकडे आणि लिहिलेली बाजू रस्त्याकडे करून, पावलं जपून टाकत होते. वाटेत दुकानदारीण दारात उभी होती. तिने वाचलं आणि आतल्या नवऱ्याला हाक मारली. लोहाराने ऐरणीवरून मान वर करून वाचलं.

फलाटावर स्टेशनमास्तर पुढे आले. साहेबांचं तिकीट बघण्याआधी त्यांनी फळी बघितली, ओठ हलवत संपूर्ण वाचली.

"टिब्बीचं आहे होय," ते म्हणाले. "सांभाळून न्या, साहेब. डब्यात गर्दी आहे."