पाचातले तीन

मी दवाखान्यात परक्या पुरुषांशी पंजा लढवते, अशी तक्रार माझी आई येईल-जाईल त्याच्यापाशी करायची. तिचं अगदीच चूक होतं असं नाही. लढाईचे दिवस होते. लोणावळ्याच्या एका लहानशा दवाखान्यात मी नर्स होते, आणि माझ्या वाट्याला एक जगावेगळं काम आलं होतं: रोग्याच्या हातापायात जोर किती उरलाय, ते माझ्या हातानं अजमावायचं.

हे काम मला आमच्या डॉक्टरांनी शिकवलं. उंच, कमी बोलणारे, कोटाची सगळी बटणं लावूनच खोलीबाहेर पडणारे गृहस्थ. त्यांचा नियम सोपा होता. हात हललाच नाही तर शून्य. नुसता स्नायू थरथरला तर एक. आडवा ठेवल्यावर सरकला तर दोन. आपलं आपण वर उचलता आला तर तीन. मी अडवल्यावरही थोडासा पुढे आला तर चार, आणि कितीही अडवला तरी हटला नाही तर पाच. हे आकडे रजिस्टरात लिहायचे आणि खाली सही करायची.

आमच्या रोग्यांना हे शाळेतल्या मार्कांसारखं वाटायचं. तुंगार्लीच्या एक मावशी खांदा धरला म्हणून यायच्या. त्यांना मी तीन दिले, तर त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "माज्या जावंला चार, आन् मला तीन? तिच्यापरीस जास्त दळनं मी दळलीत!" असं त्या अख्ख्या व्हरांड्याला ऐकवत होत्या. जावेचा गुडघा दुखत होता आणि यांचा खांदा, पण ते कोण ऐकतंय?

मला मात्र माझ्या हातांचा फार गर्व होता. बोटं टेकवली की मला आकडा कळतो, असं मी डॉक्टरांसमोर एकदा म्हणूनही गेले. ते नुसते चष्म्यावरून बघत राहिले.

अशात आमच्याकडे रेल्वेतले एक सांधेवाले भाऊ यायला लागले. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायची तर सांध्याचा लोखंडी दांडा ओढावा लागतो, ते त्यांचं काम. पावसात घसरून पडले होते, उजवा दंड मोडला होता. हाड जुळलं, पण पट्टीत राहून राहून दंड वाळल्या काटकीसारखा झाला होता. चाळिशीचा माणूस, रुंद छातीचा, पण आवाज इतका मऊ की कान द्यावा लागायचा. बरोबर त्यांची बायको असायची. नवऱ्याच्या वाटचंही तीच बोलायची.

महिनाभर मी त्यांना तेल लावून हात चोळून दिला, व्यायाम शिकवले. दंड भरत आला होता, डोळ्यांना दिसत होतं. दर शुक्रवारी मी त्यांना खाटेवर बसवायची, समोर स्टुलावर बसून मनगट धरायची आणि म्हणायची, "भाऊ, कोपर वाकवा. मी अडवते, तुम्ही ओढा." हात छान वर यायचा. मी नुसता हात टेकवला, की तसाच मुकाट खाली जायचा. तीन. पुढच्या शुक्रवारी तीन. त्याच्या पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांनी स्वतः पाहिलं, त्यांनाही तीन.

"सांध्याला तिनाचा हात चालत नाही," डॉक्टर मला म्हणाले. "येत्या शुक्रवारी रेल्वेला तसा कागद पाठवावा लागेल."

तो कागद म्हणजे नोकरी गेली, हे बायकोला सांगायची गरज पडली नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच ती हळू बोलली. "सिस्टरबाई, नोकरी गेली की रेल्वेची खोली जाती. गावाकडं शाळा न्हाई. माज्या दोन पोरी हितं शाळंत जात्यात. थोरली चौथीला हाय." आणि मग पदर सारखा करून नवऱ्याच्या मागे निघून गेली. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. आईनं ते पंजा लढवण्याच्या खात्यात मांडलं.

तो शुक्रवार उजाडला. मी खिडकीशी पट्ट्या गुंडाळत होते, तर हे दोघं फाटकातून आत येताना दिसले. भाऊंच्या खांद्यावर तांदळाचं अर्धं पोतं. मळवलीच्या बाजूला त्यांचं गाव, तिथून भावानं आंबेमोहोर पाठवला होता. महिनाभर हात चोळला म्हणून तो दवाखान्याला द्यायला आणला होता. पायरीपाशी त्यांनी पोतं खाली ठेवलं, कपाळ पुसलं, आणि पुन्हा उचलून व्हरांड्यात आणलं. उजव्या हातानं. एकट्या उजव्या हातानं, कारण डाव्या हातात छत्री होती.

माझ्या हातातली पट्टी सुटून पार दारापर्यंत गेली.

मी त्यांना आत बोलावलं, खाटेवर बसवलं, मनगट धरलं. "ओढा!" हात वर आला. मी बोटं टेकवली. हात खाली गेला. तीन.

मग मात्र माझा पारा चढला. "भाऊ, माझी थट्टा करताय का? नोकरी नको असेल तर सरळ सांगा. महिनाभर मी काय हवेला तेल लावलं? बाहेर पोतं उचलता आणि आत आलात की हात गळतो?" माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार, कारण खांदा धरलेल्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊ खाली मान घालून बसले.

आणि त्यांची बायको हसायला लागली. कपाळावर हात मारून हसायला लागली.

"आवो सिस्टरबाई, बाईमानसावर जोर लावतील व्हय ते? जल्मात कुना बाईला धक्का न्हाई लावला त्यांनी. आन् तुमी तर लेकीवानी. तुमी हात ठिवला की त्यांना वाटतं, बाईनं खाली ने म्हनलं, तर न्यावा खाली."

"आणि डॉक्टरसाहेबांनी बघितलं तेव्हा?"

आता भाऊ स्वतः बोलले. "सायबाच्या हाताला झटका देऊ? नोकरी जाईल की माजी!"

मला हसू आवरेना आणि लाजही आवरेना. गर्व होता ना हातांचा! माझ्या हाताला त्यांचा जोर कधी कळलाच नव्हता, कळली होती ती त्यांची अदब. आणि त्या रजिस्टरात आणखी किती तीन असेच पडले असतील, कोण जाणे. मी दाराकडे पाहिलं. मावशी माझ्याकडे असं बघत होत्या, की त्यांच्या खांद्याचा हिशेब आता नव्यानं करावा लागणार हे मला लगेच समजलं.

पण आधी भाऊ. मी त्यांना समजावलं, की जोर लावणं हाच इथला मान आहे. त्यांनी मान डोलावली, आणि हात तिनावरच राहिला. मी म्हटलं, माझा राग येऊ द्या. त्यांना राग येईना. मी म्हटलं, डोळे मिटा, हा सांध्याचा दांडा आहे, घाटातून गाडी येतेय. त्यांनी डोळे मिटले, पण दांड्याला बांगड्या कुठून असणार? हात थोडा वर आला आणि थांबला.

तेव्हा बायको पुढे झाली. तिचं हसू केव्हाच गेलं होतं. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या पोरीची पाटी हाय त्या हातावर. वढा."

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी स्टुलावर नव्हते. मी मनगट सोडलं नाही आणि त्यांनी ओढणं सोडलं नाही. त्यामुळे मी उचलली जाऊन खाटेवर पालथी पडले, माझा उजवा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटला, आणि टोपी मावशींच्या पायाशी गेली. मावशींनी टाळ्या पिटल्या. भाऊ उठून माझ्या पायांशी वाकले, "बाई, चुकलो, बाई, चुकलो" म्हणत ढसाढसा रडायला लागले. आणि मी मनगट पोटाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. दुखत होतं फार. पण इतका आनंद मला माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

रजिस्टरात मी डाव्या हातानं पाच लिहिले. तो आकडा पाहून शाळेतल्या कुठल्याही मास्तरांनी मला कोपऱ्यात उभं केलं असतं.

डॉक्टर आले. त्यांनी आकडा पाहिला, मग मला पाहिलं. टोपी एव्हाना डोक्यावर परत आली होती. "मी बघतो," म्हणाले, आणि भाऊंचं मनगट धरलं. "ओढा."

भाऊंनी एकदा साहेबांकडे पाहिलं. हात वर आला. साहेबांनी हात टेकवला, आणि तो हात गरिबासारखा खाली गेला.

बायकोनं डोळे मिटून घेतले. मी सगळं सांगायला पुढे झाले. डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं, कागद पुढे ओढला. आणि तिथेच थांबले. ते माझ्याकडे बघत होते. माझं उजवं मनगट टम्म सुजलं होतं आणि बांगडी रुतून बसली होती.

"हे कशानं झालं?"

"यांनी ओढलं," मी म्हटलं.

"बसा." त्यांनी मला खाटेवर बसवलं, भाऊंच्या शेजारी. माझा हात आपल्या हातात घेतला. "मनगट उचला." मी दात ओठ खाऊन प्रयत्न केला. ते हवेत काही येईना, गादीवर नुसतं इकडून तिकडे सरकलं.

"दोन," डॉक्टर म्हणाले. मग वळून त्यांनी भाऊंच्या कागदावर पाच लिहिले आणि सही केली.