तिसऱ्यांदा परत आलेली गाडी

सायलेन्सर बसवणाऱ्या त्या माणसाला अख्खा बाजार कानसेन म्हणायचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिचा कुठला जोड सुटलाय, कुठला पाइप गंजलाय, हे ते हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगत. तीस वर्षं या कानावर घर चाललं होतं. कान जितका पक्का, तितकाच स्वभाव संशयी. नवा माल आला की सायलेन्सरच्या तोंडातून तार घालून आतला आवाज शोषणारा काचेचा कापूस खरा आहे का बघायचं, मग सायलेन्सर वजनकाट्यावर ठेवायचा, आणि एवढं करूनही माल आणणाऱ्याकडे असं पाहायचं की त्या बिचाऱ्यानं घरी जाऊन स्वतःचेच खिसे तपासावेत.

अशा माणसाकडे एक दिवस भूगोलाचे एक मास्तर आले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि खाली टर्बोची गाडी. जुनी घेतलेली, पण टर्बोची.

"काका, हिचा आवाज घालवायचाय. अगदी शांत सायलेन्सर हवा."

कानसेनांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. टर्बो गाडीवाले यायचे ते आवाज वाढवून घ्यायला. शांत सायलेन्सर मागणारा हा पहिलाच.

"शांत कशाला?"

"आधीच्या मालकानं नुसता मोकळा पाइप ठोकलाय हो. मी शाळेच्या फाटकातून आत शिरलो की तिन्ही मजल्यांवरची पोरं खिडकीत येऊन टाळ्या वाजवतात."

"ते झालं. खरं कारण सांगा."

"अहो, हेच खरं आहे!"

कानसेनांना ते अजिबात पटलं नाही. हा माणूस कुणाच्या तरी नकळत कुठेतरी जातो, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. पण धंदा तो धंदा. त्यांनी भिंतीवरून दोन सायलेन्सर उतरवले.

"या डाव्याच्या पोटात कप्पे आहेत. तोंड शिवल्यासारखा गप्प राहील, पण धूर अडवेल. टर्बोला श्वास मोकळा लागतो, तुमची गाडी चढावर रडेल. हा उजवा सरळ नळीचा. नळीला भोकं, भोवती कापूस. धूर मोकळा जातो, पण एकटा असला तर हायवेवर घुमतो, डोकं उठतं. म्हणून हाच, पण लांब पोटाचा घ्यायचा आणि मध्ये एक छोटा जोडीदार द्यायचा. टर्बो स्वतःच थोडा आवाज खातो. उरलेला हे दोघं वाटून खातील."

मग त्यांनी लांब पोटाचे चार सायलेन्सर ओळीनं मांडले, प्रत्येकावर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि तिसरा उचलला. मास्तरांनी खिशातून फोन काढला.

"यात आवाज मोजता येतो म्हणे. बसवल्यावर मोजू या?"

"तो आत ठेवा," कानसेन म्हणाले. "इथे मोजायला मी आहे."

गाडी शांत झाली. मास्तर खूश होऊन गेले आणि चार दिवसांनी परत आले.

"काका, आवाज गेला, पण बारीक शिट्टी येते. सकाळी गाडी थंड असताना."

कानसेनांनी गाडी चालू करायला लावली, डोळे मिटले, कान टवकारले. काही नाही.

"टर्बोची असेल."

"टर्बोची पुढून येते. ही मागून येते."

"मास्तर, शिट्टी नाहीये."

हा माणूस सायलेन्सर परत करायला खुसपट काढतोय, हे कानसेनांनी ओळखलं. दुसऱ्या खेपेला मास्तर वहीत वारांसकट नोंदी करून आले, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. एवढ्या नोंदी खोटं बोलणाराच ठेवतो. त्यांनी गाडीखाली जाऊन दोन बोल्ट उगाच जोरजोरात आवळले आणि मास्तरांना वाटेला लावलं.

कानसेनांच्या मागे तेव्हा एकच का कटकट होती? दुकानामागेच घर. तिथे गेले काही महिने बायको आणि लेक स्वयंपाकघरात कुजबुजत असायच्या. हे आत गेले की दोघींचे ओठ हलताना दिसायचे, शब्द मात्र धड कळायचे नाहीत. दुकान विकायचा घाट घातला असणार, दुसरं काय? शिवाय दारावरची बेल. एका वर्षात तीन बदलल्या, तिन्ही मुक्या निघाल्या. हल्ली सगळा बाजारच नकली झालाय, असं ते भेटेल त्याला सांगत. शेवटी एका दुपारी त्यांनी बायकोला गाठलंच.

"तुम्ही दोघी कुजबुजता काय सारख्या?"

"कोण कुजबुजतंय? नेहमीच्याच आवाजात तर बोलतो आम्ही."

बायको तीस वर्षांत पहिल्यांदा तोंडावर खोटं बोलली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

तिसऱ्या खेपेला मास्तर काही बोललेच नाहीत. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, "संध्याकाळी येतो" म्हणाले आणि शाळेत चालत गेले.

कानसेनांना राग आला. आता या माणसाचं खोटं त्याच्या पदरात घालायचं, म्हणून त्यांनी साबणाचं पाणी केलं. ज्यांना कान नाही त्यांची ही तपासणी, असं म्हणून त्यांनी आयुष्यभर इतरांची टिंगल केली होती. सायलेन्सरच्या शेपटात चिंधी कोंबली, तिच्यातून हवेची नळी आत सोडली, कॉम्प्रेसर बंद केला आणि टाकीतली हवा हळूच सोडली. दुकानात आता कसलाच आवाज नव्हता. ते गाडीखाली सरकले आणि ब्रशनं एकेक जोडावर फेस लावत गेले.

मधल्या जोडावर, त्यांनी स्वतः आवळलेल्या दोन बोल्टांच्या मध्ये, फेस फुगू लागला. एक बुडबुडा फुटला, लगेच दुसरा आला. जोडातली चकती, म्हणजे गॅस्केट, एका कडेनं दुमडली होती. फट केसाएवढी, पण हवा जोरात येत होती. ती त्यांच्या ओल्या बोटाला गार लागत होती. इतक्या बारीक फटीतून इतकी हवा निघाली की शिट्टी वाजतेच. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी कान जवळ नेला. आणखी जवळ नेला. फेस कानाच्या पाळीला लागला.

त्यांना भीती वाटली. अशी भीती त्यांना या धंद्यात कधी वाटली नव्हती.

मग उठून त्यांनी गॅस्केट बदलली. पुन्हा साबण लावला. फेस जागचा हलला नाही.

संध्याकाळी मास्तर आले. गाडी चालू केली, खाली उतरले, मागे जाऊन वाकून उभे राहिले. कानसेन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली की हो, काका! तुम्हांला नाही का कळलं?"

"तुम्ही म्हणताय तर गेली," कानसेन म्हणाले. "चूक माझी होती, मास्तर. गॅस्केट दुमडली होती. तीन हेलपाटे पडले तुम्हांला."

मास्तर गेल्यावर त्यांनी शटर ओढलं. रोज ते दुकानाच्या मागच्या दारानं घरात शिरत. आज वळसा घालून पुढच्या दाराशी गेले. बेलच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं आणि बोट तसंच धरून ठेवलं.

दार उघडलं. ओले हात पदराला पुसत बायको उभी होती.

"अहो, आपल्याच घराची बेल काय वाजवताय वेड्यासारखी?"

"वाजली?"

"वाजली म्हणजे! अजून वाजतेय. बोट काढा आधी."

त्यांनी बोट काढलं नाही.

"मला येत नाही गं ऐकू," ते म्हणाले.