वहिनींचं पान

आमच्या वहिनी स्वतः केलेला स्वयंपाक कधी चाखून बघत नसत. मीठ-तिखटाचा अंदाज नुसत्या वासावर. "चाखलं की उष्टं झालं. उष्टं माणसांस्नी वाढायचं व्हय?" असं मलाच दरडावायच्या. राजारामपुरीतल्या आमच्या घरात त्या सून म्हणून आल्या आणि माझा दादा, त्याची भावकी आणि रविवारी मटणाला न चुकता उगवणारे त्याचे मित्र यांना वाढण्यात त्यांचा जन्म गेला.

त्यांचं स्वतःचं पान मांडलेलं मी कधी पाहिलं नाही. सगळे हात धुऊन लवंडले की त्या ओट्याशी उभ्यानं खायच्या. पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा आणि भाकरी. त्यात मटणाची फोड औषधालाही नसे. मी चिडले की म्हणायच्या, "रस्सा हाय की वन्सं. आनि काय पायजे?" सगळे त्यांना घरची लक्ष्मी म्हणत. लक्ष्मी म्हटलं की फोड मागं ठेवावी लागत नाही, एवढं आमच्या माणसांना बरोबर कळत होतं.

दादाच्या साठीला त्याच्या पोरानं दादा-वहिनी दोघांचं व्हिएतनामच्या सहलीचं बुकिंग केलं. दादा दूध संस्थेच्या निवडणुकीत अडकला आणि त्याच्या जागी मी गेले. तिथं होई आन नावाच्या गावात एका बाईंच्या घरी स्वयंपाक शिकायचा कार्यक्रम होता. तांदळाचा पातळ पापड पाण्यात भिजवायचा आणि त्यात शेवया, पाला, कोलंबी गुंडाळायची. वहिनींच्या पहिल्या दोन गुंडाळ्या फाटल्या. तिसरी मात्र अशी जमली की बाईंनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली. वहिनी माझ्या कानाशी कुजबुजल्या, "चूल न्हाय, फोडणी न्हाय. हितल्या बायकांस्नी सासू न्हाय वाटतं."

चटणी चाखायला मात्र त्यांनी हात जोडून नकार दिला. जेवायची वेळ झाली तेव्हा आम्ही सगळे प्रवासी बसलो आणि वहिनी पदर खोचून, ताट घेऊन वाढायलाच निघाल्या. परक्या देशात, पैसे भरून आलेली बाई! ती घरधनीण आधी हसली. मग तिनं ताट काढून घेतलं, वहिनींना मनगटाला धरून खुर्चीवर बसवलं, त्यांच्या वाटीत स्वतः वाढलं आणि मान लववून काहीतरी म्हणाली. त्या घरातलं कुणी जेवायच्या काड्या उचलेना. गाईडनं सांगितलं, इथं थोरल्या माणसानं पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे जेवत नाहीत, आणि या टेबलावर थोरल्या याच.

वहिनी भेदरल्या. "वन्सं, आता काय करू वो?"

"जेवा की."

त्यांनी घास घेतला आणि डोळे पुसले. "तिखट हाय," म्हणाल्या. त्यात मिरची नव्हतीच. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हा मान परक्यांच्या घरी मिळावा, याचा संताप मला अजून आवरत नाही.

परतल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मटणाबरोबर त्या गुंडाळ्याही केल्या. चाखून केल्या. आणि सगळ्यांच्या पानांशेजारी आपलंही पान मांडून बसल्या.

दादाचा हात थांबला. "आन् वाढणार कोण?"

"मदी ठेवलंय की सगळं. आज संगं बसूया. तिथं तर थोरल्या बाईच्या आदी कोन जेवतच न्हाय."

दादा मित्रांकडं वळला. "बघा! आठ दिस व्हिएतनामला गेलती, पाटलीण हून आली."

जो तो हसला. एकाला हसता हसता ठसका लागला. त्याला पाणी द्यायला वहिनी उठल्या, त्या परत बसल्या नाहीत. मी तोंड उघडलं, तर त्यांनीच मला डोळ्यांनी दटावलं. पुढं व्हिएतनामचं नाव त्यांनी काढलं नाही.

गेल्या वर्षी ओट्याशीच छातीत कळ आली आणि वहिनी गेल्या. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर नैवेद्य मांडताना दादानं मला विचारलं, "हिला काय आवडायचं गं?" पोरगा चाचरत म्हणाला, "चहा?" अखेर घरून आणलं होतं ते सगळं पानात वाढलं, चांगल्या निवडून काढलेल्या फोडीसुद्धा.

कावळा शिवेना. उन्हं चढली. भावकी, मित्र सगळे ताटकळले. पोरांना बघतो, नातीचं लग्न करतो, दादानं सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी त्या पानापुढं हात जोडून तो रडायला लागला.

"जेव की गं आता. सगळी थांबल्यात तुझ्यासाठी."